डिझेलचं गाळणं

भोसरीहून मोशी, कुरुळी करत पुणे-नाशिक रस्त्याने चाकणला जाताना कडेला पत्र्याच्या शेडमधली गॅरेजेस लागतात. जवळजवळ प्रत्येकाच्या मागच्या अंगाला तेलाने काळ्या पडलेल्या डब्यांचा एक ढीग असतो. त्यात ऑइल फिल्टर असतात, धुळीने भरलेले एअर फिल्टर असतात आणि पाण्याच्या तांब्यापेक्षाही लहान असे डिझेल फिल्टर असतात. इतिहास शिकवताना मी मुलांना सांगायचो की उत्खनन करणारी माणसं राजवाड्यापेक्षा उकिरड्यावर जास्त रमतात. शिलालेख राजाला हवं ते सांगतो, फुटकं खापर मात्र घरात काय शिजत होतं ते सांगतं. आमच्या पिंपरी-चिंचवडचा आणि चाकणचा इतिहास कधी कुणी असा उकरला, तर हे डिझेल फिल्टर म्हणजे खापरंच ठरतील. आपण कसलं तेल जाळलं, त्यात काय मिसळलं आणि त्याचा भुर्दंड कुणी भरला, हे त्यांच्याकडून कळेल.

आधी या भागाविषयी थोडं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत माळरानावर शेड उभ्या राहू लागल्या. बजाज टेम्पो ही फिरोदियांची कंपनी १९५८ ची. ती मुंबईच्या गोरेगावातून आकुर्डीला आली. तिची तीनचाकी इतकी रुळली की 'टेम्पो' हे कंपनीचं नाव न राहता मराठीत सामान्यनाम झालं. आज आपण कुठल्याही कंपनीच्या गाडीला 'टेम्पो सांगितलाय' असं म्हणतो, आणि त्या कंपनीने मात्र २००५ साली स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं! टेल्को १९६६ च्या सुमारास पिंपरीत आली. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली, १९८८ मध्ये टाटा मोबाइल २०६ ही पिकअप. मग २००५ मध्ये दोन सिलिंडरची, सातशे दोन सीसीची इवलीशी टाटा एस रस्त्यावर आली आणि लोकांनी तिचं 'छोटा हाथी' असं बारसं केलं. २०१० मध्ये चाकणला महिंद्राचा कारखाना सुरू झाला.

या गाड्या इथे नुसत्या तयार होत नाहीत, त्यांच्यावरच हा पट्टा चालतो. मोठे कारखाने सुट्या भागांचा फारसा साठा ठेवत नाहीत. भोसरीच्या किंवा तळवड्याच्या एखाद्या गाळ्यात चार लेथवर तयार झालेला माल दुपारपर्यंत चाकणच्या लाइनला लागायचा असतो. त्याला पोचवते ती पिकअप. बहुतेक वेळा मालक आणि ड्रायव्हर एकच माणूस, गाडी कर्जावर घेतलेली, हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. ती पिकअप कुरुळीच्या चढाला बंद पडली तर तिकडे लाइन खोळंबते आणि इकडे माणूस ट्रिपला मुकतो. आणि डिझेलची गाडी अशी रस्त्यात बंद पडली की मिस्त्री पुष्कळदा आधी हात घालतो तो या लहानशा डब्याला.

डिझेलच्या गाडीला गाळण्याचं एवढं वेड का, हे समजायला जरा मागे जावं लागेल. रुडॉल्फ डिझेलने आपल्या इंजिनाची कल्पना १८९२-९३ मध्ये मांडली आणि १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा मारला की तो पेट घेतो. सगळी करामत त्या फवाऱ्यात आहे. सुरुवातीला तो दाबलेल्या हवेच्या जोरावर मारत. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, म्हणून डिझेल इंजिन हे कारखान्यात नाहीतर जहाजात बसून राहायचं काम होतं. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉशच्या कंपनीने तेल थेट दाबणारा पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली आणि डिझेल इंजिन खऱ्या अर्थाने रस्त्यावर आलं. आपल्याकडे हीच विद्या १९५१ मध्ये बंगळूरच्या मायकोने आणली. पुढे नाशिकला सातपूरमध्ये मायकोचा नोझलचा कारखाना झाला. कंपनीचं नाव २००८ पासून बॉश आहे, पण नाशिककर अजून 'मायको सर्कल'च म्हणतात.

या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामध्ये फट असते ती दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा. म्हणजे केसाचे उभे वीस-पंचवीस भाग केले तर त्यातला एक भाग त्या फटीत कसाबसा शिरेल. चाकणच्या रस्त्यावरच्या धुळीचा कण तिथे शिरला तर तो पॉलिश पेपरचं काम करतो. दट्ट्या झिजतो, दाब पडतो, फवाऱ्याऐवजी नुसती धार पडते आणि गाडी काळा धूर ओकू लागते. पाणी गेलं तर गंज चढतो. म्हणून टाकी आणि पंप यांच्या मध्ये गाळणं.

मराठीत 'गाळ' आणि 'गाळणं' हे शब्द एकाच घरातले. जे खाली बसतं तो गाळ आणि तो वेगळा करायचा ते गाळणं. आमच्या लहानपणी विहिरीचं पाणी घागरीच्या तोंडाला धोतराचा धुतलेला तुकडा बांधून भरत. वैद्याचं चूर्ण वस्त्रगाळ असे. डिझेलचं गाळणंही आधी वस्त्रगाळच होतं. टेल्कोने १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने जे ट्रक काढले, त्या घराण्यातल्या गाड्यांना शेजारी शेजारी दोन भांडी असत. पहिल्यात कापडाचं किंवा नमद्याचं गाळणं, दुसऱ्यात घड्यांच्या कागदाचं. आधी जाड गाळ, मग बारीक. पहिलं गाळणं धुऊन परत वापरणारे महाभागही होते. मग कागद सुधारला, भांड्याच्या जागी पत्र्याचा बंद डबा आला आणि धुण्याची सोय संपली. आता डबा काढायचा, फेकायचा, नवा लावायचा.

हे काम मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पुतण्याच्या गाडीमुळे. त्याच्याकडे जुनी, साध्या पंपाची पिकअप होती. एक दिवस पावसाळ्यात ती चढाला दम तोडायला लागली. रिकाम्या गाडीत ठीक, माल भरला की मेली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि मला स्टूल दिलं. (मास्तरांना उभं ठेवायचं नाही, एवढा संस्कार भोसरीत अजून आहे.)

त्याने फिल्टरखाली प्लॅस्टिकची बाटली कापून धरली आणि तळाचा स्क्रू सैल केला. आधी पाणी आलं, पाठोपाठ डिझेल. पाणी जड, म्हणून ते तळाशी बसतं. टाकी अर्धी रिकामी ठेवली की मोकळ्या जागेतल्या हवेची वाफ रात्री थंडाव्याने पत्र्यावर धरते आणि थेंब थेंब खाली उतरते. म्हणून जाणती माणसं रात्री गाडी लावायच्या आधी टाकी भरतात. मग पट्टा-पान्याने त्याने डबा फिरवून सोडवला. जुन्याची रबरी रिंग वर चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं. ती राहिली आणि तिच्यावरच नवी बसली तर गळती ठरलेली. नव्या रिंगला डिझेलचं बोट लावलं आणि नवा डबा हातानेच आवळला, पाना न लावता.

मला वाटलं, झालं. पण खरं काम पुढे होतं. "सर, आता एअर काढायची," तो म्हणाला. फिल्टरच्या माथ्यावर एक हातपंप असतो. तो दाबत दाबत तो डिझेल वर ओढू लागला. बाजूचा छोटा स्क्रू सैल केला, तसा त्यातून फेस आला. दाबणं चालू. फेसाचे बुडबुडे झाले, बुडबुडे विरळ झाले, शेवटी अखंड, स्वच्छ धार आली. धार चालू असतानाच त्याने स्क्रू आवळला. हातपंप आता दगडासारखा घट्ट झाला होता. दवाखान्यात सलाइन लावताना नर्स नळीतली हवा आधी घालवून देते, तसंच हे. कारण मात्र वेगळं. हवा दाबली की आकसते, तेल आकसत नाही. नळीत हवेचा एक मोठा बुडबुडा राहिला तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा चेपण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही. "इंजिनाला हवा लागतीच की सर, पण तिच्या वाटेनं यायला पायजे," मिस्त्री म्हणाला. विज्ञानाच्या तासाला इतकं सुटसुटीत वाक्य मी क्वचित ऐकलं असेल.

त्याने जुना डबा करवतीने कापून दाखवला. कागदाच्या घड्या काळ्या ठिक्कर, मध्ये गंजाची तांबूस पूड, तळाशी चिकट लगदा. "हे सगळं ह्यानं अडवलं," तो म्हणाला. नंतर बोटावर डिझेल घेऊन त्याने वास घेतला, बोटं एकमेकांवर घासली आणि पुतण्याला विचारलं, "कुठं भरतोस?" पुतण्याने एका पंपाचं नाव सांगितलं. मिस्त्रीने नुसती मान हलवली. "हे नाय अडवत ह्यो. रॉकेल जातंय सरळ."

त्या दिवशी मला कळलेली गोष्ट अशी, की गाळणं धूळ अडवतं, पाणी अडवतं, गंज अडवतं, पण भेसळ अडवत नाही. रॉकेल डिझेलमध्ये पूर्ण विरघळतं. कागदाच्या दृष्टीने ते परकं नसतंच. फिल्टर स्वच्छ दिसतो आणि पंप आतून मरत असतो, कारण डिझेल हेच पंपाचं वंगण आहे आणि रॉकेल पातळ. पुतण्याला पुढे पंप आणि नोझल दोन्हींचं काम करावं लागलं आणि त्यात त्याचे दोन महिन्यांचे हप्ते गेले. पावती कशाची दाखवणार, तक्रार कुणाकडे करणार?

रॉकेल मिसळण्यामागचं गणित अगदी साधं होतं. गरिबाच्या चुलीसाठी, कंदिलासाठी सरकार रेशनवर रॉकेल फार स्वस्त देत होतं. ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग घालत. डिझेल त्याच्या कितीतरी पट महाग. दोन्ही तेलं एकमेकांत बेमालूम मिसळतात. या दोन किमतींमधल्या फरकावर टँकरवाले, साठेबाज, काही पंपवाले आणि डोळे मिटून घेणारे असा सगळा धंदा उभा राहिला. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला 'संपलं' असं सांगायचं आणि तेच रॉकेल पिकअपच्या टाकीत जायचं. म्हणजे एकाच चोरीत दोन गरीब लुटले जायचे. त्याविरुद्ध १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा होता. २००६ मध्ये रॉकेलमध्ये एक रासायनिक खूण मिसळायची योजना आली, म्हणजे भेसळ झाली की चाचणीत कळेल. ती फार काळ टिकली नाही. घनता मोजायची सोय आहेच, पण थोडंच रॉकेल घातलं तर घनता जेमतेम हलते.

मग उरतं काय? जिथे कागदाचं गाळणं चालत नाही, तिथे माणसाला उभं राहावं लागतं.

मंजुनाथ षण्मुगम हा इंडियन ऑइलचा सत्तावीस वर्षांचा अधिकारी. लखनौच्या आयआयएममधून शिकलेला. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यात भेसळ करणाऱ्या पंपांवर त्याने कारवाई केली आणि १९ नोव्हेंबर २००५ ला त्याला गोळ्या घालून मारलं. आपण म्हटलं, ते तिकडे उत्तरेत. सहा वर्षंही झाली नाहीत आणि २५ जानेवारी २०११ उजाडला. यशवंत सोनवणे, मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी, मनमाडजवळच्या पानेवाडीहून चालले होते. तिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत. एका ठिकाणी टँकरमधून तेल चोरलं जात असल्याचा संशय आला म्हणून ते थांबले. त्यांच्यावर हल्ला झाला आणि भर दिवसा, अंगावर तेल ओतून त्यांना जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध केला, ठिकठिकाणी धाडी पडल्या.

पानेवाडी आणि भोसरी यांच्यात दोनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. पण तेलाची वाट म्हणाल तर ती सगळी एकच. डेपो, टँकर, पंप, टाकी, फिल्टर, नोझल. सोनवणे या वाटेच्या वरच्या टोकाला उभे होते आणि पुतण्यासारखा पिकअपवाला शेवटच्या टोकाला. वर जे अडवलं जात नाही ते सगळं वाहत खाली येतं, आणि खाली अडवायला असतो फक्त घड्यांचा कागद. आपल्याकडे भ्रष्टाचारावर व्याख्यानं पुष्कळ होतात. त्याची किंमत सर्वात खालच्या माणसाच्या सुट्या भागांच्या बिलात कशी येते, ते मात्र मला त्या स्टुलावर बसून दिसलं.

त्यानंतर बरंच बदललं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या किमतीवरचं सरकारी नियंत्रण उठलं. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅस पोचू लागला, रॉकेलचा कोटा घटत गेला आणि २०२० पर्यंत रेशनच्या रॉकेलवरची सबसिडीही जवळजवळ संपली. किमतीतला फरक गेला आणि त्या जुन्या धंद्याची मुळंच सैल झाली. जे काम निळ्या रंगाने आणि धाडींनी झालं नाही ते किमतीने केलं. तरीही मोह संपला असं नाही. मध्यंतरी काही राज्यांत बायोडिझेलच्या नावाखाली भलतीच तेलं विकणाऱ्यांवर कारवाया झाल्याच.

डिझेलही बदललं. २००० सालच्या सुमारास त्यात दहा लाख भागांत अडीच हजार भागांपर्यंत गंधक चालायचं. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा आलं, तेव्हापासून मर्यादा आहे फक्त दहा भाग. गाड्यांत कॉमन रेल आली. बाहेरच्या जगात मोटारीत ती १९९७ मध्ये अल्फा रोमिओच्या गाडीत प्रथम दिसली होती. जुन्या नोझलचं तोंड दोनशे बारच्या आसपास दाबाला उघडायचं, कॉमन रेलमध्ये सोळाशे बार आणि वरही दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन बार असतात, त्यावरून अंदाज करा. साहजिकच गाळणं आणखी बारीक झालं, चार-पाच मायक्रॉनचा कण अडवणारं. पाणी साचलं तर आता समोर दिवा लागतो. पुष्कळ गाड्यांत हातपंपाच्या जागी विजेचा पंप हवा काढतो. नव्या डब्यात वरून सुटं डिझेल ओतून तो भरायचा नाही, कारण ते गाळलेलं नसतं. आणि जुन्या सवयीने चालू इंजिनाच्या नोझलच्या नळीचा नट सैल करायला गेलात तर ती धार कातडी भेदून आत शिरते. जुन्या मिस्त्रींना हे सगळं नव्याने शिकावं लागलं. काही शिकले. काहींनी 'आमच्याकडे जुन्याच गाड्या घेऊन या' असं सांगून टाकलं.

गंमत अशी की डिझेल जितकं शुद्ध झालं तितकं यंत्र नाजूक झालं. जुना पंप थोडी भेसळ सोसून धापा टाकत का होईना चालायचा. आजचा इंजेक्टर सोसत नाही, आणि त्याचं बिल ऐकून पिकअपवाल्याचेच पाय लटपटतात. म्हणजे वरच्या टोकाला प्रामाणिकपणाची गरज कमी झालेली नाही, वाढली आहे.

तर मंडळी, तुमच्यापैकी ज्यांच्याकडे डिझेलची गाडी आहे त्यांनी गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरला फिल्टर बदला, पावसाळ्यात पाणी काढून घ्या, स्वस्तातला बनावट डबा लावू नका. पंपावर शंका आली तर घनता विचारा, नोंदवही दाखवायला सांगा. ग्राहकाचा तो हक्क आहे, आणि तिथे पाच लिटरचं मापही ठेवलेलं असतं. पावती खिशात ठेवा. पंपावरचा पोरगा तोंड वाकडं करेल, मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या. सोनवणे रस्त्यात थांबले होते ते आपल्या सगळ्यांच्या टाकीत काय जातं हे पाहायला. आपल्याला पंपावर पाच मिनिटं थांबून विचारायला काय हरकत आहे?